अमेरिका-इराण वाटाघाटी : बातमीत किलो, मुदती आणि पैशाची वाटही यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिका आणि इराण यांच्या वाटाघाटींची बातमी मराठी वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा दोनपैकी एका मथळ्याखाली येते : ‘चर्चेची फेरी सकारात्मक’ नाहीतर ‘चर्चा फिसकटली’. खाली कोणी कोणाला काय इशारा दिला याचे दोन परिच्छेद, तेलाचा भाव, की बातमी संपली. वाचकाची समजूत अशी होते की या दोन हेकट राजवटींचे कधी जमलेच नाही. पण त्यांचे निदान दोनदा लेखी जमले आहे, एकदा १९८१ मध्ये अल्जीअर्समध्ये ओलिसांवरून आणि एकदा २०१५ मध्ये व्हिएन्नात अणुकार्यक्रमावरून. पहिल्या करारातून उभी राहिलेली यंत्रणा चार दशके टिकली. दुसरा करार तीन वर्षेही धड चालला नाही. या दोन करारांची बांधणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की काय कुठे तुटते ते कळते. पत्र लांबले आहे, पण आकडे गाळले तर मुद्दाच उरत नाही, म्हणून शक्य तर काटछाट न करता छापावे ही विनंती.

आधी हे दोन देश एकमेकांशी बोलतात तरी कसे, ते पाहू. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधला अमेरिकी दूतावास विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला. त्यातले ५२ जण ४४४ दिवस ओलीस होते. ७ एप्रिल १९८० रोजी अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले. संबंध तुटल्यावर काय करायचे याची तरतूद राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारनाम्यात, कलम ४५ मध्ये आहे : यजमान देशाने बंद झालेल्या वकिलातीची इमारत आणि कागदपत्रे सुरक्षित ठेवायची, आणि पाहुण्या देशाने आपल्या नागरिकांची काळजी दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या देशाकडे सोपवायची. मे १९८० पासून अमेरिकेसाठी हे काम स्वित्झर्लंड करते. इराणसाठी आधी अल्जीरियाने केले, १९९२ पासून वॉशिंग्टनमधील पाकिस्तानी दूतावासाच्या छत्राखालचा इराणी हितसंबंध विभाग करतो.

तेहरानमध्ये एखाद्या अमेरिकी नागरिकाचा पासपोर्ट हरवला तर तो स्विस कार्यालयाचे दार ठोठावतो. पण स्विस लोक अमेरिकेचा व्हिसा देत नाहीत. त्यामुळे मुलीच्या बाळंतपणाला लॉस एंजेलिसला जाऊ पाहणाऱ्या इराणी आईला, जून २०२५ च्या अमेरिकी प्रवेशबंदीपूर्वी, मुलाखतीसाठी अंकारा, येरेवान किंवा दुबई गाठावी लागे. दुसऱ्या देशाचे तिकीट, मुक्काम, मग ‘प्रशासकीय तपासणी’च्या नावाखाली महिनोन्‌महिने वाट, आणि हा सगळा खर्च रोज घसरणाऱ्या रियालमध्ये. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी इराणचे कायमस्वरूपी शिष्टमंडळ असते. त्यांना वर्षानुवर्षे मॅनहॅटनमधील कोलंबस सर्कलपासून २५ मैलांच्या आतच फिरायची परवानगी होती. २०१९ मध्ये ती आणखी आवळून मोजक्या रस्त्यांपुरती आणली गेली.

स्विस वाट निरोपाची आहे. ३ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेच्या हल्ल्यात बगदादमध्ये इराणचे सेनानी कासिम सुलेमानी मारले गेले. त्यानंतरच्या दिवसांत दोन्ही बाजूंचे निरोप याच वाटेने गेले, आणि ८ जानेवारीच्या इराणी क्षेपणास्त्र हल्ल्यानंतर प्रकरण तिथेच थांबण्यात या वाटेचा वाटा होता. पण निरोप्या घासाघीस करू शकत नाही. घासाघीस करायची तर ओमान. २०१५ च्या कराराची पहिली गुप्त बोलणी २०१२ आणि २०१३ मध्ये मस्कतमध्येच झाली. सुलतान काबूस यांनी यजमानपद दिले आणि पुढे अमेरिकेतर्फे उपपरराष्ट्रमंत्री विल्यम बर्न्स स्वतः तिथे बसले.

एप्रिल-मे २०२५ मध्ये मस्कत आणि रोम येथे पाच फेऱ्या झाल्या. अमेरिकेतर्फे ट्रम्प यांचे दूत स्टीव्ह विटकॉफ, इराणतर्फे परराष्ट्रमंत्री अब्बास अराघची आणि मध्ये ओमानचे परराष्ट्रमंत्री बद्र अल बुसैदी. ‘अप्रत्यक्ष चर्चा’ असे आपण छापतो तेव्हा मुख्यतः असे घडत असते : दोन शिष्टमंडळे दोन खोल्यांत बसतात आणि यजमान मंत्री मजकूर घेऊन ये-जा करतो. यात अडचण अशी की दोघांनी मिळून सही केलेले इतिवृत्त नसते. बाहेर आल्यावर प्रत्येक जण आपापल्या राजधानीला रुचेल ते सांगतो. पहिल्या फेरीनंतर दोनच दिवसांनी, १४ एप्रिलला, विटकॉफ यांनी दूरचित्रवाणीवर ३.६७ टक्क्यांच्या वर युरेनियमचे समृद्धीकरण नको असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच निवेदनात समृद्धीकरण पूर्ण बंद करून संपवा, अशी अट आली. ३.६७ आणि शून्य यांतले अंतर म्हणजेच अख्खा वाद. त्या दिवशी ‘चर्चा सकारात्मक’ हा मथळा वाचलेल्या वाचकाला यातले काही कळायला वाव नव्हता.

हा ३.६७ आकडा काय आहे ते एकदा सविस्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यावाचून बाकी सगळे हवेत राहते. खाणीतून निघालेल्या युरेनियमच्या १,००० अणूंत २३५ वजनाचे, म्हणजे अणुभट्टीत किंवा बॉम्बमध्ये उपयोगी पडणारे अणू सातच असतात. उरलेले ९९३ हे २३८ वजनाचे. समृद्धीकरण म्हणजे ते सात तसेच ठेवून भोवतालचे ९९३ बाजूला काढत जाणे. युरेनियमचा वायू करून तो अतिवेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये घालतात. जड अणू कडेला जातात, हलके मध्याजवळ राहतात, आणि अशा शेकडो यंत्रांची साखळी लावली की हळूहळू प्रमाण वाढते. वाटेतली गळती सोडून हिशेब केला तर ३.६७ टक्क्यांना पोहोचताना हजारातले साधारण १९१ अणू उरतात, म्हणजे ८०९ काढून झालेले असतात. २० टक्क्यांना ३५ उरतात. ६० टक्क्यांना १२. आणि बॉम्बसाठी लागणाऱ्या ९० टक्क्यांना ८. शेवटच्या टप्प्यात, १२ वरून ८ वर यायला, फक्त चार अणू काढायचे असतात! ‘६० म्हणजे अजून ९० झालेले नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी आणि ‘३.६७ म्हणजे बॉम्बच’ असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ही उतरंड समोर ठेवून बोलावे.

आता २०१५ चा करार पाहा. परिशिष्टे धरून तो १५९ पानांचा. त्यात इराणची बाजू किलोत आणि नगांत लिहिली होती. समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपर्यंत, १५ वर्षे. साठा ३०० किलो युरेनियम हेक्झाफ्लोराइड, त्याच्यावर एक किलोही नाही. नतांझमध्ये सर्वांत जुन्या बनावटीची ५,०६० सेंट्रिफ्यूज १० वर्षे, फोर्दोमध्ये १,०४४ यंत्रे पण त्यांत युरेनियम घालायचे नाही. आधी इराणकडे १९,००० च्या आसपास यंत्रे होती. अराकच्या जड पाण्याच्या भट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतायचे. डिसेंबर २०१५ मध्ये ११,००० किलो कमी समृद्ध युरेनियम जहाजाने रशियाला रवाना झाले, जानेवारीत गाभ्यात काँक्रीट पडले, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी ते मोजून-तपासून १६ जानेवारी २०१६ रोजी दाखला दिला. काँक्रीट एकदा ओतले की ते परत काढता येत नाही.

त्या बदल्यात अमेरिकेने काय दिले? बहुतांशी मुदतीची माफीपत्रे. काँग्रेसने केलेला निर्बंधांचा एकही मुख्य कायदा रद्द झाला नाही. राष्ट्राध्यक्षांनी स्वतःचे काही आदेश मागे घेतले, आणि कायद्यांखालच्या निर्बंधांना तात्पुरती स्थगिती दिली. ती स्थगिती एका कायद्याखाली दर १२० दिवसांनी, दुसऱ्याखाली दर १८० दिवसांनी नव्याने सही करून वाढवायची. त्याशिवाय २०१५ च्याच एका अमेरिकी कायद्यानुसार, इराण करार पाळतो आहे असा दाखला राष्ट्राध्यक्षांनी दर ९० दिवसांनी काँग्रेसला द्यायचा. हा करार सेनेटने मंजूर केलेला तह नव्हता; त्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे शंभराच्या शंभर हजर असतील तर ६७ मते लागतात, आणि तेवढी मिळणार नव्हती. म्हणजे एका बाजूने टनावारी माल जहाजावर चढवला आणि दुसऱ्या बाजूने चार महिन्यांच्या भाडेपट्ट्यावर घर दिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी दाखला नाकारला, जानेवारी २०१८ मध्ये शेवटची माफी दिली, आणि पुढची सही यायच्या चार दिवस आधी, ८ मे २०१८ रोजी, करार सोडला. अणुऊर्जा संस्थेचे अहवाल तोवर इराण मर्यादेत असल्याचे सांगत होते.

इराणी राजवटीची वकिली करण्याचा इथे हेतू नाही. आपल्या रस्त्यांवर आपल्याच मुलींना मारणाऱ्या राजवटीबद्दल ममत्व वाटायचे कारण नाही, आणि फोर्दोचा कारखाना तिने जगापासून लपवला होता हेही खरे आहे. पण सौदा म्हणून पाहिले तर ही बांधणी पहिल्याच दिवसापासून एका अंगाला कलती होती, आणि ती तशी होती हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना माहीत होते.

माफीपत्र हातात असतानाही पैसा का हलला नाही, हा भाग आपल्याकडे जवळजवळ कधीच छापला जात नाही. मुंबईतल्या व्यापाऱ्याने दुबईतल्या व्यापाऱ्याला डॉलरमध्ये पैसे पाठवले तरी दोन्ही बँकांची डॉलरची नॉस्ट्रो खाती, म्हणजे परदेशी बँकेत उघडलेली त्यांची स्वतःची खाती, न्यूयॉर्कमध्ये असतात. व्यवहार तिथे क्षणभर टेकून पुढे जातो. तेवढ्या टेकण्यावर अमेरिकी कायदा लागू होतो. पूर्वी इराणी व्यवहारांना केवळ टेकून परत जाण्याची एक सवलत होती, ती नोव्हेंबर २००८ मध्ये काढून घेतली गेली. २०१५ च्या करारातही ती परत आली नाही. २०१४ मध्ये बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्यूबा यांच्या व्यवहारांसाठी ८.९ अब्ज डॉलर मोजावे लागले होते. तो आकडा युरोपातल्या प्रत्येक बँकेच्या कायदेविभागाच्या डोळ्यांसमोर होता. परवानगी आहे की नाही हा प्रश्न त्यांच्यासाठी दुय्यम होता. उद्या ती परवानगी काढून घेतली तर आपण कुठे असू, एवढेच ते पाहत होते.

विमानांचे उदाहरण घ्या. इराणी विमानकंपन्यांची जुनी विमाने सुट्या भागांअभावी धोकादायक झाली होती, म्हणून करारानंतर त्यांनी आधी विमाने मागितली. बोइंगशी ८० विमानांचा करार झाला, एअरबसशी १०० चा. एअरबस युरोपीय, तरी तिला अमेरिकी अर्थखात्याचा परवाना लागला, कारण विमानाच्या किमतीत अमेरिकी भागांचा वाटा १० टक्क्यांहून अधिक असला की तो नियम लागू होतो. परवाना आला, पण एवढ्या मोठ्या रकमेचे कर्ज द्यायला बँका पुढे येईनात. २०१८ मध्ये परवाने रद्द झाले तेव्हा १०० पैकी तीन एअरबस तेहरानला पोहोचली होती. बोइंगचे एकही नाही.

औषधांचे याहून वाईट. अन्न आणि औषधे निर्बंधांतून वगळली आहेत हे वॉशिंग्टन दर वेळी सांगते, आणि कायद्यात ते तसे आहेही. पण खोका पाठवायचा तर विक्रेत्याची बँक, खरेदीदाराची बँक, जहाजकंपनी आणि विमाकंपनी अशा चौघांनी हो म्हणावे लागते. यातला एक जरी नको म्हणाला तरी खोका गोदामातच राहतो. एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाचा जन्मजात आजार आहे. नुसत्या कपड्याच्या घर्षणाने कातडी सोलवटते. अशा मुलांच्या जखमांवर न चिकटणारी सिलिकॉन-फोमची पट्टी लावतात. एरवीची पट्टी काढताना तिच्याबरोबर कातडी येते. ही पट्टी बनवणाऱ्या युरोपीय कंपनीने २०१८ च्या निर्बंधांनंतर इराणला पुरवठा थांबवला. पट्टीवर बंदी नव्हती. तिच्या पैशाला वाट नव्हती. मुलांनी साधे कापड लावून दिवस काढले. अशा प्रसंगी ‘औषधांना सूट आहे’ हे वाक्य छापून थांबणे म्हणजे त्या मुलांवर अन्याय आहे.

वाट तयार करायचे प्रयत्न झाले. जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांनी जानेवारी २०१९ मध्ये ‘इन्स्टेक्स’ नावाची संस्था काढली. कल्पना अशी की पैसा सीमा ओलांडणारच नाही; युरोपातला इराणी मालाचा खरेदीदार युरोपातल्याच विक्रेत्याला पैसे देईल आणि इराणमध्येही तसेच होईल. पण युरोप इराणकडून तेल घेणेच बंद करून बसला होता, तर वळते करायला रक्कम येणार कुठून? मार्च २०२० मध्ये एक व्यवहार झाला, आणि २०२३ मध्ये संस्था बंद करण्याचा निर्णय. स्वित्झर्लंडने अमेरिकी अर्थखात्याला बरोबर घेऊन वेगळी वाट केली : कंपनीने मालाचा, ग्राहकाचा, अंतिम वापराचा तपशील आधी स्विस सरकारला द्यायचा, तिथून तो अमेरिकेला, मग ठरावीक बँकेतून पैसे. जानेवारी २०२० मध्ये कर्करोग आणि अवयव-प्रत्यारोपणाच्या २३ लाख युरोच्या औषधांनी सुरुवात झाली. व्याप लहान असला तरी ही वाट सुरू झाली, कारण परवानगी देणाराच सुरुवातीपासून टेबलावर होता.

भारताने काढलेली वाट आपल्या ओळखीची असायला हवी. आशियाई क्लिअरिंग युनियन या मध्यवर्ती बँकांमधल्या हिशेब-व्यवस्थेमार्फत इराणी तेलाचे पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१० मध्ये बंद केली. मग तुर्कस्तानच्या हल्कबँकेतून युरो जाऊ लागले. २०१२ पासून ४५ टक्के रक्कम रुपयांत कोलकात्याच्या युको बँकेत जमा व्हायची. युको निवडली कारण अमेरिकेत तिच्या शाखा नव्हत्या. धरायला तिथे काही नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेचा नवा नियम आला : तेलाचा पैसा खरेदीदार देशातच राहील आणि त्याच देशातला माल घेण्यासाठीच वापरला जाईल. हल्कबँकेची वाट मिटली. उरलेल्या ५५ टक्क्यांची थकबाकी आपल्या तेलकंपन्यांकडे साठत गेली, सहा अब्ज डॉलरच्या पुढे. ती फेडायला २०१६ उजाडावे लागले.

पण युकोतल्या रुपयांनी इराणला बासमती, चहा आणि सोयापेंड घ्यायला लावली. इराण हा भारतीय सोयापेंडीचा मोठा ग्राहक झाला, आणि लातूरसारख्या बाजारपेठेत सोयाबीनच्या भावाशी त्याचा संबंध होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने भारतासह आठ खरेदीदारांना १८० दिवसांची सूट दिली. ती २ मे २०१९ रोजी संपली आणि भारताने इराणी तेल घेणे थांबवले. तेल थांबले म्हणजे खात्यात नवे रुपये येणे थांबले; शिल्लक ओसरत गेली आणि निर्यातदारांचे पैसे अडकू लागले. वॉशिंग्टनमधली ती एक तारीख आपल्या शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीपर्यंत अशी येते. त्या वेळी आपल्या बाजारभावाच्या पानावर हा धागा कोणी जोडून दाखवला असता तर बरे झाले असते.

दक्षिण कोरियाचे पैसे हे याच नियमाचे दुसरे टोक. तिथे वॉनमध्ये साठलेली रक्कम एकेकाळी सात अब्ज डॉलरची होती. वॉन घसरल्याने ती सहा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये कैद्यांची पाचास पाच अशी अदलाबदल ठरली तेव्हा ते वॉन आधी युरोत बदलून स्वित्झर्लंडमार्गे कतारच्या बँकांत गेले, आणि अन्न-औषधांवरच खर्च होतील अशी अट होती. १८ सप्टेंबरला कैदी सुटले. ७ ऑक्टोबरला हमासचा हल्ला झाला, आणि पाठोपाठ अमेरिका आणि कतार यांनी ते पैसे तूर्त सोडायचे नाहीत असे ठरवले. कैदी परत करता येत नव्हते.

आता अल्जीअर्सचा करार पाहा. १९ जानेवारी १९८१. दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नव्हता. ५२ माणसे एकाकडे आणि दुसऱ्याकडे गोठवलेले अब्जावधी डॉलर. अल्जीरियाने मध्यस्थी केली आणि रचना अशी केली : अमेरिकेने ७.९५५ अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमधील एका खात्यात टाकायचे. ते खाते अल्जीरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावावर, इराणच्याही नाही आणि अमेरिकेच्याही नाही. रक्कम पूर्ण जमा झाल्याचे बँक ऑफ इंग्लंडने कळवायचे, मग अल्जीरियाने इराणला सांगायचे, मग विमान उडायचे. ओलीस इराणबाहेर पडल्याची खात्री अल्जीरियाने केली की मगच रक्कम वाटायची. त्यातही ३.६६७ अब्ज थेट अमेरिकी आणि इतर बँकांच्या जुन्या कर्जाच्या फेडीला, १.४१८ अब्ज वादातल्या कर्जांसाठी राखून, आणि उरलेले सुमारे २.८७ अब्ज इराणच्या हाती. कोणालाही ‘आधी तू’ म्हणायची गरज उरली नाही. २० जानेवारीला ओलीस सुटले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. उरलेल्या तंट्यांसाठी हेगमध्ये नऊ जणांचा लवाद बसवला : तीन अमेरिकेचे, तीन इराणचे, तीन बाहेरचे. दावे दाखल करायला एक वर्षाची मुदत. निवाड्याचे पैसे बुडू नयेत म्हणून एक अब्ज डॉलरचे हमी-खाते, आणि त्यातली शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की इराणने भर घालायची. सुमारे ३,९०० दावे निकाली निघाले आणि अमेरिकी दावेदारांना अडीच अब्ज डॉलरहून अधिक मिळाले. मध्ये इराण-इराक युद्ध झाले, १९८८ मध्ये अमेरिकी युद्धनौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेले इराण एअरचे प्रवासी विमान पाडून २९० जण मारले (त्यात दहा भारतीय होते), तरी लवाद चालू राहिला. जानेवारी २०१६ मध्ये शहाच्या काळात शस्त्रांसाठी भरलेले ४० कोटी डॉलर आणि त्यावरचे १.३ अब्ज व्याज अमेरिकेने याच दाव्यांतून तडजोड करून परत दिले. पहिले ४० कोटी युरो, स्विस फ्रँक अशा परकीय नोटांत विमानाने गेले तेव्हा अमेरिकेत गदारोळ झाला. आपल्याकडेही ‘नोटांचे विमान’ म्हणून बातमी रंगली. नोटा का न्याव्या लागल्या हे वर आलेच आहे : बँकेची वाट अमेरिकेने स्वतःच बुजवली होती.

मला या सगळ्यात निर्णायक वाटते ती तिसऱ्याच्या हातातली रक्कम. २०१५ च्या करारात तशी काही नव्हती. अमेरिकेने करार मोडला तर इराणला काय भरपाई, याचे एकही कलम त्यात नव्हते. इराणने मोडला तर मात्र होते. ते कलम म्हणजे ‘स्नॅपबॅक’, आणि त्याची रचना मुद्दाम उलटी ठेवलेली : करारातल्या कोणत्याही सदस्याने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली की ३० दिवसांत ‘सवलत चालू ठेवा’ असा ठराव मंजूर व्हावा लागतो, नाहीतर जुने निर्बंध आपोआप परत येतात. म्हणजे नकाराधिकार निर्बंध अडवायला वापरताच येत नाही. २०२० मध्ये अमेरिकेने हे कलम लावू पाहिले. करार सोडून गेलेल्याला तो हक्क नाही, असे परिषदेतल्या बहुतेक सदस्यांनी सांगितले. २८ ऑगस्ट २०२५ रोजी ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने ते लावले, १९ सप्टेंबरचा ठराव पडला, आणि २७-२८ सप्टेंबरच्या रात्री जुने सहा ठराव परत आले. रशिया आणि चीन यांनी ते मानले नाहीत.

त्याआधी किलोंची बाजूही कोसळली होती. अमेरिका बाहेर पडल्यावर इराणने पूर्ण एक वर्ष वाट पाहिली, मग मे २०१९ पासून दर ६० दिवसांनी एक मर्यादा ओलांडली. जानेवारी २०२१ मध्ये २० टक्के, एप्रिलमध्ये ६० टक्के. जून २०२२ मध्ये अणुऊर्जा संस्थेचे २७ कॅमेरे काढले गेले. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने हल्ला केला तेव्हा सहावी फेरी दोन दिवसांवर होती. त्या तारखेला संस्थेच्या अंदाजाने ६० टक्क्यांचा साठा ४४०.९ किलो होता; पुढे समृद्ध केला तर एका बॉम्बला साधारण ४२ किलो पुरतात असे तीच संस्था धरते. २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले. फोर्दोवर टाकलेले बॉम्ब प्रत्येकी सुमारे १३,६०० किलोचे. यंत्रे मोडली, पण त्यानंतर निरीक्षकांना साठा मोजता आला नाही. २०१६ मध्ये तो नियमित मोजला जात होता. बॉम्बफेकीची छायाचित्रे आपण पान एकवर छापली. मोजणी थांबल्याची बातमी कुठल्या तरी आतल्या पानावर गेली. माझ्या मते पान एकची बातमी तीच होती.

म्हणून सूचना अशी की चर्चेची बातमी येईल तेव्हा तिच्या कडेला एक छोटी चौकट द्यावी. बोलणी कोणाच्या मध्यस्थीने आणि एका खोलीत की दोन खोल्यांत. मागणी कोणत्या टक्क्याची, साठा किती किलो आणि तो शेवटचा कोणी, कधी मोजला. निर्बंधांची सवलत कायद्याने की माफीपत्राने, आणि माफीपत्राची मुदत कधी संपते. पैसा कोणत्या चलनात, कोणत्या बँकेतून, आणि मधल्या काळात कोणाच्या ताब्यात. इराणमधल्या चाबहार बंदराच्या बाबतीतही हेच. १३ मे २०२४ रोजी भारताने तिथल्या टर्मिनलचा १० वर्षांचा करार केला, अमेरिकेने २०१८ ची सूट २९ सप्टेंबर २०२५ पासून काढली आणि मग सहा महिन्यांची नवी दिली. दहा वर्षांचा करार सहा महिन्यांच्या सवलतीवर उभा होता, हे मथळ्यात यायला हवे होते.

शेवटी जहाजांबद्दल, कारण तो विषय थेट आपल्या घरांचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत किती तरी घरांतला कर्ता माणूस बोटीवर आहे. जुलै २०१९ मध्ये इराणने ‘स्टेना इम्पेरो’ धरले. झेंडा ब्रिटिश, मालक स्वीडिश, २३ पैकी १८ खलाशी भारतीय. एप्रिल २०२४ मध्ये ‘एमएससी एरिस’. झेंडा पोर्तुगीज, २५ पैकी १७ भारतीय. दोन्ही वेळा भांडण भारताशी नव्हते. अशा वेळी आपली बातमी खलाशांच्या गावांची नावे देते, पण जहाजाचा झेंडा कोणाचा, मालक कोण, आणि ते इराणच्या बंदर खात्याने धरले की क्रांती रक्षकांच्या नौदलाने, हे सांगत नाही. झेंड्याच्या देशाला जहाजाच्या वतीने बोलण्याचा पहिला हक्क असतो. भारताच्या तेहरानमधील दूतावासाला १९६३ च्या वाणिज्यदूत करारनाम्याखाली आपल्या माणसांना भेटण्याचा हक्क असतो, आणि ‘एरिस’वरून आपले लोक टप्प्याटप्प्याने परतले ते त्याच वाटेने. घरच्यांनी आधी नेमणूक करणारी परवानाधारक भरती एजन्सी, मग मुंबईतील नौवहन महासंचालनालय, आणि पगार-भरपाईसाठी जहाजाची विमा संघटना, या क्रमाने जावे. माणसाचा नेमणूक-करार, सीडीसी (खलाशाचे अधिकृत सेवा-पुस्तक) क्रमांक आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक (त्याचा कायमचा ओळखक्रमांक) यांच्या प्रती घरी असल्या पाहिजेत. तो निघण्याआधीच त्या काढून ठेवाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक, मुंबई